सावकारीचा परवाना : त्याच्या अटी व त्यांची पूर्वपीठिका

१. विषयप्रवेश

महाराष्ट्रांत ज्यास सावकारीचा धंदा करावयाचा असेल त्यास आज सरकारांतून परवाना घ्यावा लागतो. हा परवाना ज्या कायद्यान्वयें मिळतो तो 'महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४' हा होय. अर्ज कोणाकडे करावा, त्यांत काय लिहावें, तो कोणत्या कारणांनीं नाकारतां येतो, परवाना मिळाल्यावर सावकारानें कसें वागावें, हें सर्व त्यांत सांगितलें आहे. या अटी नुसत्या वाचल्या तर त्या कचेरीच्या सोयीसाठीं घातलेल्या बारीकसारीक बाबी वाटतात. परंतु गेल्या दोनशें वर्षांचा देण्याघेण्याचा इतिहास समोर ठेवून त्या वाचल्या, म्हणजे त्यांपैकीं बहुतेक अटींच्या मागें एकेक जुनें दुखणें उभें आहे असें दिसून येतें. तें दुखणें कोणतें व त्यावर ही अट कशी आली, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

परवाना म्हणजे कर्ज देण्याची परवानगी, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नव्हे, पण अपुरा आहे. आमच्या मतें परवान्याचें खरें स्वरूप निराळें आहे. सावकाराचें बळ पैशांत असतें त्याहून अधिक तें कागदांत असतें. आणि कागदाचें बळ हें सरकारच्या न्यायालयानें त्याला दिलेलें असतें. तें बळ कोणास द्यावें व कोणत्या अटीवर द्यावें, हें ठरविण्याचें साधन म्हणजे परवाना. हें ध्यानांत घेतलें म्हणजे पुढील सर्व हकीकतीचा उलगडा होतो.

२. जुनी वहिवाट

व्याजास मर्यादा असावी ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. तारण असलेल्या कर्जावर दरमहा शेंकडा सव्वा, म्हणजे वर्षास शेंकडा १५, हा दर मनुस्मृतींत आहे. आणि शेंकडा सव्वा हाच धर्म्य दर कौटिलीय अर्थशास्त्रांतही सांगितला आहे. एका वेळीं वसूल होणारें व्याज मुद्दलाहून अधिक असूं नये, हा दामदुपटीचा नियमही स्मृतींतूनच आला. इंग्रजी अमलांतही मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनीं तो हिंदु ऋणकोंच्या बाबतींत मानला.

मराठी राज्यांत सावकाराची वसुली मुख्यत्वें त्याच्या स्वत:च्या हातीं असे. तो तगादा लावी, ऋणकोच्या दारीं माणसें बसवी, प्रसंगीं धरणें धरी. एल्फिन्स्टन यानें पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखासंबंधीं इ. स. १८१९ मध्यें जो अहवाल लिहिला त्यांत या पद्धतीचें वर्णन आलें आहे. वाद सरकारांत गेलाच तर तो पंचायतीपुढें येई. निकालानंतर जिंकणाराकडून हरकी व हरणाराकडून गुन्हेगारी घेतली जाई. ही व्यवस्था ऋणकोला सुखाची होती असें आम्ही म्हणत नाहीं. धरणें ही कांहीं सौम्य गोष्ट नव्हे. पण तींत एक गोष्ट अशी होती कीं, नुसता रोखा दाखवून भागत नसे. पंच बहुधा त्याच मुलखांतले असत. कर्ज केव्हांचें, किती दिलें, किती फिटलें, हें त्यांस ऐकून पाहून ठाऊक असे. शिवाय सावकारास त्याच गांवांत पुढेंही नांदावयाचें असे.

३. कागदाचें राज्य

कंपनी सरकारच्या अमलांत प्रथम जुन्या मर्यादा थोड्याफार राखल्या गेल्या. मुंबई इलाख्याच्या इ. स. १८२७ च्या ५ व्या रेग्युलेशनांत व्याजाची कमाल शेंकडा १२ ठरविली होती. पुढें इ. स. १८५५ च्या २८ व्या कायद्यानें हिंदुस्थानांतील असे सर्व निर्बंध उठविण्यांत आले, व उभय पक्षांनीं जो दर ठरविला असेल तो न्यायालयानें देववावा असें ठरलें. चार वर्षांनीं, इ. स. १८५९ मध्यें, मुदतीचा कायदा झाला. साध्या रोख्यावरील दावा तीन वर्षांच्या आंत आणला पाहिजे असा त्याचा आशय होता. जुनें कर्ज अनंत काळ डोक्यावर राहूं नये, हा त्यामागील हेतु चांगला होता.

प्रत्यक्षांत या दोन कायद्यांच्या संयोगानें उलटेंच झालें. तीन वर्षें संपत आलीं कीं सावकार नवा रोखा लिहून मागे. त्यांत मागचें व्याज मुद्दलांत जमा होई. उदाहरणार्थ, शेंकडा २४ व्याजानें १०० रुपये घेतले असें धरूं. तीन वर्षांनीं १७२ रुपयांचा नवा रोखा होईल, सहा वर्षांनीं सुमारें २९६ चा, व नऊ वर्षांनीं देणें ५०८ च्या वर जाईल. एकच रोखा चालू राहिला असता तर दामदुपटीप्रमाणें एकूण देणें २०० वर थांबलें असतें. नव्या रोख्यानें व्याजाचें मुद्दल झालें, आणि त्या मुद्दलाची दुप्पट पुन्हां मोकळी झाली. अशा रीतीनें दामदुपटीचा नियम कायम राहून निष्फळ झाला.

न्यायालयास या इतिहासाशीं कर्तव्य नव्हतें. त्याच्यापुढें शेवटचा रोखा येई. त्यावर निशाणी शेतकऱ्याची आहे कीं नाहीं एवढेंच पाहिलें जाई. आणि कित्येक दावे प्रतिवादी हजरच न झाल्यामुळें एकतर्फी निकालांत निघत. ज्यानें कधीं लिहिलें वाचलें नाहीं त्याच्या विरुद्ध लिहिलेला कागद हा निर्णायक पुरावा ठरला. पूर्वीं सावकारास गांवाची साक्ष लागे; आतां ती लागेनाशी झाली.

४. इ. स. १८७५ व त्यानंतरचा कायदा

अमेरिकेंतील यादवीमुळें चढलेले कापसाचे भाव इ. स. १८६५ नंतर कोसळले, व त्याच सुमारास कांहीं तालुक्यांत वाढीव सारा बसला. शिरूर तालुक्यांतील करडें गांवीं इ. स. १८७४ च्या डिसेंबरांत गांवकऱ्यांनीं सावकारांवर बहिष्कार घातला. पुढें ता. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं दंगा झाला, व तो पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरला. या दंग्यांचें एक वैशिष्ट्य चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशनच्याही नजरेस आलें. जमाव सावकाराच्या जिवावर क्वचितच उठे. तो रोखे, खतें व हुकूमनामे मागे. ते मिळाले कीं जाळून टाकी आणि बहुधा तेथेंच थांबे. आपलें दुखणें नेमकें कोठें आहे हें निरक्षर कुणब्यांस बरोबर समजलें होतें असें यावरून म्हणावें लागतें.

या कमिशनच्या अहवालानंतर इ. स. १८७९ चा १७ वा कायदा, म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा, झाला. तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लावण्यांत आला. त्यांतील तीन गोष्टी आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाच्या आहेत. पहिली, न्यायालयानें शेवटच्या रोख्यावर न थांबतां व्यवहाराचा आरंभापासून शोध घ्यावा. दुसरी, शेतकऱ्यानें लिहून द्यावयाचा दस्तऐवज गांवच्या निबंधकापुढें लिहिला जावा. तिसरी, ऋणकोस पावती, मागितल्यास वार्षिक हिशेब व पासबुक देण्यास सावकार बांधलेला असावा. शिवाय शेतकऱ्यास देण्यासाठीं दिवाणी तुरुंगांत टाकण्याची चाल या कायद्यानें बंद केली.

परंतु या कायद्यानें सावकार कोण आहे हें विचारलें नाहीं. तो व्यवहाराकडे पाही, व तेंही दावा आल्यानंतर. त्यामुळें पळवाट लवकरच निघाली. गहाणखताच्या ऐवजीं उघड खरेदीखत लिहून घ्यावें व पैसे फिटले तर जमीन परत देऊं असें तोंडीं सांगावें, हा प्रकार वाढला. कागदावर विक्री झाली असतां शोध घ्यावयाचा कशाचा, असा प्रश्न न्यायालयांपुढें आला. मागाहून एक कलम घालून, विक्री ही वस्तुत: गहाण होती असें तोंडी पुराव्यानें दाखविण्याची मुभा शेतकऱ्यास देण्यांत आली. या पळवाटेचा उल्लेख पुढें पुन्हां येणार असल्यामुळें तो वाचकांनीं लक्षांत ठेवावा.

५. माणसाची परीक्षा

दावा येण्याची वाट न पाहतां धंद्यांत शिरतांनाच माणसाची परीक्षा करावी, ही कल्पना इंग्लंडांत इ. स. १९०० च्या कायद्यानें नोंदणीच्या रूपानें व इ. स. १९२७ च्या कायद्यानें परवान्याच्या रूपानें अमलांत आली होती. हिंदुस्थानांत इ. स. १९१८ च्या कायद्यानें अवाजवी व्याजाचे व्यवहार उकलण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला, मध्यप्रांतानें इ. स. १९३४ मध्यें व पंजाबानें इ. स. १९३८ मध्यें सावकारांसंबंधीं आपापले कायदे केले. मुंबई प्रांताचा सावकारांचा कायदा इ. स. १९४६ चा, तो इ. स. १९४७ चा ३१ वा कायदा म्हणून प्रसिद्ध झाला. परवान्यावांचून सावकारी करूं नये, व परवाना नसतां दिलेल्या कर्जाबद्दल न्यायालयानें हुकूमनामा करूं नये, हे त्याचे दोन आधारस्तंभ होत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर विदर्भ व मराठवाडा येथेंही हाच कायदा चालला. विदर्भांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं सावकारीचा प्रश्न पुन्हां ऐरणीवर आला, आणि इ. स. २०१४ च्या अधिनियमानें जुन्या कायद्याची जागा घेतली.

६. अर्ज व त्यांतील बाबी

या कायद्याची अंमलबजावणी सहकार खात्याकडे आहे. सहकार आयुक्त हे महानिबंधक, जिल्हा उपनिबंधक हे जिल्ह्याचे निबंधक, व तालुक्याचे अधिकारी हे सहायक निबंधक होत. अर्ज सहायक निबंधकाकडे, लेखी व सहीनिशीं, ठरलेल्या नमुन्यांत व शुल्कासह करावयाचा असतो. सहायक निबंधक चौकशी करून आपल्या अभिप्रायासह तो निबंधकाकडे पाठवितो, व परवाना निबंधक देतो. चौकशी करणारा एक व परवाना देणारा दुसरा, ही योजना बुद्धिपुरस्सर आहे.

अर्जांत मुख्यत: पुढील गोष्टी द्याव्या लागतात. (अ) धंदा कोणत्या नांवानें करावयाचा व त्याची जबाबदारी कोणावर. (आ) अर्जदार एकटा असल्यास त्याचें नांव व पत्ता. एकत्र कुटुंब असल्यास कर्त्याचें व सज्ञान सहदायादांचीं. भागीदारी असल्यास भागीदारांचीं. कंपनी असल्यास संचालकांचीं. (इ) धंद्याचें क्षेत्र व मुख्य ठिकाण, तसेंच राज्यांत अन्यत्र दुकान असल्यास तें. (ई) मागील वर्षीं सावकारी केली होती काय. (उ) धंद्यांत किती भांडवल घालावयाचें.

यांतील प्रत्येक बाब जुन्या अनुभवावरून आली आहे. जुन्या व्यवहारांत कर्ज एकाचें, रोखा त्याच्या गुमास्त्याच्या नांवचा व दावा तिसऱ्याचा, असें होऊं शके. म्हणून नांव व जबाबदार इसम हे आधींच लिहून घेतात. एकत्र कुटुंबांत पेढी एकाची व जमीन दुसऱ्याच्या नांवें चढे. म्हणून सज्ञान सहदायादांचीं नांवें. भांडवल विचारण्याचा हेतु असा कीं, दाखविलेल्या भांडवलाशीं वह्यांतील कर्जाची रक्कम ताडून पाहतां यावी. तपासणीचें शुल्कही वापरलेल्या भांडवलाच्या प्रमाणांतच ठरतें. परवाना वर्षापुरता असून ३१ मार्च रोजीं त्याची मुदत संपते. धंदा पुढें चालवावयाचा तर नूतनीकरण करावें लागतें.

परवाना नाकारण्याचीं कारणें कायद्यानेंच मोजून दिलीं आहेत. अर्ज नियमाप्रमाणें नसणें. कायद्याच्या आज्ञा जाणूनबुजून मोडलेल्या असणें. सावकारींत लबाडी किंवा अप्रामाणिकपणा केल्याचा पुरावा असणें. मालमत्तेविषयींचे अपराध, बनावट दस्तऐवज किंवा खोटे हिशेब यांबद्दल शिक्षा झालेली असणें. आणि अर्ज दुसऱ्यासाठीं बेनामी केलेला असणें, हीं त्यांतील प्रमुख होत. नाकारण्यापूर्वीं अर्जदाराचें म्हणणें ऐकावें लागतें, व नकारावर वरिष्ठाकडे अपील चालतें. अर्जदार श्रीमंत आहे कीं नाहीं हा येथें प्रश्नच नाहीं. त्याच्या हातीं कागद विश्वासानें देतां येईल कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें आहे.

७. परवान्यानंतरचीं बंधनें

परवानाधारकानें रोजकीर्द व खतावणी ठेवावी, कर्ज दिल्यावर रक्कम, तारीख, मुदत, तारण व व्याजाचा दर दाखविणारें लेखी निवेदन ऋणकोस द्यावें, प्रत्येक भरण्याची पावती द्यावी, व तारण घेतलेल्या वस्तूचीही नोंद व पावती करावी. कोऱ्या कागदावर सही घेणें, किंवा दिलेल्या रकमेहून निराळी रक्कम रोख्यांत लिहिणें, हा अपराध आहे. चक्रवाढ व्याज घेतां येत नाहीं, व व्याज मुद्दलाहून अधिक होऊं शकत नाहीं. म्हणजे दामदुपट आतां सर्व ऋणकोंस कायद्यानेंच लागू झाली. इ. स. २०१४ मध्यें राज्य सरकारनें ठरविलेले कमाल दर असे : शेतकऱ्यास तारणी कर्जावर शेंकडा ९ व विनातारणी कर्जावर १२, इतरांस अनुक्रमें १५ व १८. तारणी कर्जाचा १५ हा आंकडा स्मृतींतील सव्वा टक्का मासिक दराशीं तंतोतंत जुळतो. हा योगायोगच असावा, पण नमूद करण्याजोगा आहे.

ऋणकोच्या मागें सतत फिरणें, त्याच्या घरापाशीं घुटमळत राहणें, धाकदपटशा करणें, हेंही आज शिक्षेस पात्र आहे. ज्या धरण्यावर जुन्या सावकाराची मदार होती तें अशा रीतीनें अपराधांत जमा झालें आहे. जुन्या सत्तेनें सावकारास धरणें दिलें व न्यायालय जपून दिलें; आजच्या कायद्यानें धरणें काढून घेतलें व न्यायालय अटींवर दिलें.

८. परवाना नसल्यास

परवान्यावांचून सावकारी करणारास पांच वर्षांपर्यंत कैद, किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. परंतु सावकारास खरी जरब आमच्या मतें हुकूमनामा न मिळण्याची आहे. अर्थात् ज्यास न्यायालयाची गरजच नाहीं त्याला ही जरब बसत नाहीं. तो दावा लावीत नाहीं. तो जमीनच लिहून घेतो. इ. स. १८७९ नंतर निघालेली खरेदीखताची वाट ती हीच.

यासाठीं नव्या कायद्यांत एक विशेष तरतूद आहे. सावकारीच्या व्यवहारांत गहाण, भाडेपट्टा, विक्री किंवा अदलाबदल अशा कोणत्याही रूपानें ऋणकोची स्थावर मिळकत गेली असेल, तर अर्ज आल्यावर जिल्हा निबंधकास चौकशी करतां येते. मिळकत गेल्यास पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा, अशी मर्यादा आहे. व्यवहार सावकारीचा होता असें ठरल्यास तो दस्तऐवज अवैध ठरवून मिळकत मूळ ऋणकोस किंवा त्याच्या वारसास परत देण्याचा हुकूम होऊं शकतो. सुप्याच्या लोकांनीं जें आगीनें केलें तें येथें निबंधकाच्या हुकुमानें करण्याची सोय आहे. मात्र त्यासाठीं ऋणकोपाशीं कांहीं पुरावा असावा लागतो, आणि बहुधा तोच नसतो.

९. परवान्याच्या बाहेर कोण

बँका, सहकारी संस्था व सरकार यांचीं कर्जें या कायद्याखालीं येत नाहींत. वचनचिठ्ठीखेरीज अन्य पराक्राम्य दस्तऐवजावर दिलेली तीन लाखांवरील रक्कमही वगळली आहे. ज्या बिगरबँक वित्तसंस्था रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या आहेत त्यांस राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहींत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ता. १० मे २०२२ रोजीं केरळ व गुजराथ येथील कायद्यांच्या संबंधांत दिला. त्यांची नोंदणी, भांडवल व वर्तन यांवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. म्हणून कर्ज देणारा सावकार आहे, बँक आहे कीं नोंदलेली वित्तसंस्था आहे, हें आधीं पाहिलें पाहिजे. यांपैकीं कांहींच नसेल तर तो परवान्यावांचून धंदा करीत आहे असें समजावें.

क्षेत्राच्या अटीचा एक अनपेक्षित परिणामही येथें सांगितला पाहिजे. इ. स. २०१५ मध्यें राज्य सरकारनें विदर्भ व मराठवाडा येथील शेतकऱ्यांनीं परवानाधारक सावकारांकडून घेतलेलीं कर्जें स्वत: फेडण्याचें ठरविलें. पण सावकारानें आपल्या परवान्याच्या क्षेत्राबाहेर दिलेलीं कर्जें त्यांतून वगळलीं गेलीं, व पुढें ती अट शिथिल करावी लागली. नियम सावकारानें मोडला व तोटा शेतकऱ्याच्या वांट्यास आला, असा हा प्रकार होता. परवान्यावर लिहिलेलें क्षेत्र ऋणकोनेंही वाचावें, हा त्याचा बोध होय.

१०. उपसंहार

वरील विवेचनाचा सारांश असा. मराठी राज्यांत सावकारास गांवाची साक्ष लागे. इ. स. १८५५ ते १८७९ या काळांत ती साक्ष गेली व नुसता कागद उरला. इ. स. १८७९ नंतर न्यायालय कागदाच्या मागें पाहूं लागलें. इ. स. १९४६ पासून कागद लिहून घेणाराकडेच पाहिलें जाऊं लागलें. परवान्याचा अर्ज हा या चौथ्या पायरीवरचा कागद आहे, आणि तो मागील तिन्हींच्या अनुभवावांचून नीट वाचतां येत नाहीं.

ज्यास परवाना हवा त्यानें या अटींकडे अडथळा म्हणून पाहूं नये; त्याच्या धनास न्यायालयाचें संरक्षण त्यांच्यामुळेंच मिळतें. ज्यास कर्ज घ्यावयाचें आहे त्यानें तर चार गोष्टी अवश्य कराव्या : परवाना व त्यावरील क्षेत्र पाहावें, लेखी निवेदन मागून घ्यावें, प्रत्येक भरण्याची पावती जपावी, आणि कर्जाच्या पोटीं खरेदीखतावर सही करूं नये. जुन्या घराण्यांच्या दप्तरांतून रोखे व खतें अद्याप पुष्कळ सांपडतात. पण तीं बहुतेक धनकोच्या घरचीं असतात. ऋणकोच्या घरीं कागद क्वचितच मिळतो. या विषयाचा पुढें अभ्यास करणारांनीं अशा पावत्या, फारखत्या व पासबुकें जेथें मिळतील तेथून मिळवून प्रसिद्ध करावीं, अशी आमची विनंती आहे. कारण त्यांवांचून या इतिहासाची एकच बाजू आपल्या हातीं राहील.